मानाचा ट्रॅक्टर

अर्पिताला फक्त एक शॉट हवा होता. एक ट्रॅक्टर, त्याला जोडलेली ट्रॉली, आणि ती ट्रॉली फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघांमधून मागे मागे सरळ जाते आहे. सकाळचं ऊन. आसपास माणूस एकही नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. पुढे जे झालं ते ऐकून कुणालाही वाटेल की या बाईने काहीतरी भलतंच मागितलं असणार, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

परभणीच्या ज्या महाविद्यालयात ती पत्रकारिता शिकवते, तिथे शेवटच्या वर्षाच्या मुलांना दहा मिनिटांचा माहितीपट करावा लागतो. विषय वर्षानुवर्षं ठरलेले आहेत: पाणीटंचाई, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास आणि मोबाइलचे दुष्परिणाम. शेवटचा बहुधा मोबाइलवरच काढलेला असतो. यंदा सृष्टीने हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, आमचा विषय मोटरस्पोर्टमध्ये जायचं कसं."

"अगं, आपल्याकडे रेसचा ट्रॅक कुठे आहे?"

"न्हाई म्हणून तर विषय हाय ना, मॅडम. आसता तर लोकं गेलीच आसती की."

कॅमेरा ज्याचा होता, आणि म्हणून जो या माहितीपटाचा छायाचित्रकार झाला होता, तो प्रीतम मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, जगात जर्मनी अन् भारतात परभणी. जर्मनीत गाड्या पळायल्यात, मग आपल्यात का न्हाई?"

याला उत्तर नसतं. ही म्हण परभणीत कुठल्याही वादाच्या शेवटी टाकता येते, आणि टाकली की वाद संपतो.

सृष्टी सोनपेठकडची. वडील हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढतात. दोन वर्षांपूर्वी तिने ट्रॅक्टरचं लायसन काढलं होतं. तिचं म्हणणं असं की मोठ्या शहरातली पोरं छोट्या गाड्यांवर शिकून रेसमध्ये जातात, तर आपल्याकडची सुरुवात ट्रॅक्टर रिव्हर्सपासून धरायला हवी. जत्रेत या स्पर्धा होतात. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उलटा न्यायचा, रेघेला चाक लागू द्यायचं नाही, आणि कमी वेळ लावेल तो जिंकला. ऐकायला सोपं आहे. करून पाहिलेल्यांना माहीत आहे की ट्रॉलीचं बूड डावीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि हे डोक्याला पटलं तरी हातांना पटत नाही. सृष्टीला अशा स्पर्धेत उतरायचं होतं, आणि तिचं ते उतरणं हाच माहितीपट होता. अडचण एवढीच की वडिलांचा ट्रॅक्टर उसावर गुंतला होता.

"ट्रॅक्टर आहे आमच्याकडे," अर्पिता म्हणाली, आणि म्हणाल्यावर स्वतःच दचकली.

तो झरीला होता, तिच्या माहेरी, शेडमध्ये. दिवाळीनंतर अण्णा गेले, तेव्हापासून कुणी चालू केला नव्हता. अण्णा म्हणजे तिचे वडील, दत्तराव. गोठा आणि भिंत यांच्या मधल्या बोळात ते ट्रॉली उलटी घालायचे, एका हाताने. दुसऱ्या हातात चहाची बशी असायची. बोलणं बेताचं. एका पावसाळ्यात ओढ्यात फसलेल्या गावातल्या गाड्या त्यांनी दिवसभर ओढून काढल्या, म्हणून गावाने त्यांचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, भाषणं. दुसऱ्या दिवशी ती शाल ट्रॅक्टरच्या सीटवर होती. "सीट तापतं," एवढंच ते म्हणाले. सत्कार या विषयावरचे त्यांचे एकूण विचार इथे संपतात.

शाल अजून सीटवरच होती.

पहिली गाठ महाविद्यालयाच्या कार्यालयात पडली. तिथे दिनकरराव बसतात. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, "उपक्रम कोणत्या खात्यात टाकायचा? क्रीडा, सांस्कृतिक का समाजसेवा?"

"माहितीपट आहे, सर. अभ्यासक्रमातला."

"तसं खातं न्हाई."

"क्रीडा धरा मग."

"क्रीडाला शिट्टी आन् पंच लागत्यात. सांस्कृतिकला नटराजाची मूर्ती लागती, ती सध्या फुटल्याली हाय. समाजसेवा करा, मॅडम. समाजसेवेला नुस्तं एक झाड लावलं की भागतंय."

अशा रीतीने मोटरस्पोर्टवरचा माहितीपट समाजसेवेत जमा झाला, आणि अर्पिता शनिवारी झरीला निघाली तेव्हा एसटीत तिच्या मांडीवर कडुनिंबाचं एक रोप होतं. पदव्युत्तर शिक्षण, त्यावर संशोधन, आणि मांडीवर रोप. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं नाही, ही त्या आठवड्यातली एकमेव सभ्य गोष्ट.

शेडचं दार उघडल्याबरोबर गल्ली जमली. ट्रॅक्टरला किल्ली लावली, तो खोकला आणि गप्प झाला. बॅटरी बसली आहे, असं एकाचं मत पडलं. डिझेलला एअर धरलाय, असं दुसऱ्याचं. उंदरानं वायरी खाल्ल्या असणार, असं तिसऱ्याचं, आणि त्याने आपल्या मेव्हण्याच्या जीपमध्ये उंदराने काय काय खाल्लं होतं ते क्रमाने सांगितलं. शेजारचे रामहरीकाका मात्र ट्रॅक्टरकडे बघत नव्हते, अर्पिताकडे बघत होते.

"बाई, वर्षश्राद्ध व्हायचंय आजून. वर्षाच्या आत ट्रॅक्टर स्पर्धेला काढायचा? लोकं काय म्हणतील?"

"स्पर्धा नाही, काका. चित्रीकरण आहे. दोन मुलं आणि एक कॅमेरा."

"त्येनं काय फरक पडतोय. हौसच की ती."

हौस हा शब्द तिला लागला. वडील गेल्यापासून तिने एक साधी साडीसुद्धा घेतली नव्हती. आणि हा मनुष्य, ज्याने अण्णांच्या तेराव्याला जिलबीच्या पाकाची तक्रार केली होती, तो तिला हौस शिकवत होता. तिच्या मनात एक लांब, निर्दोष वाक्य तयार झालं. तोंडातून "हं" एवढंच निघालं. आई, कडूबाई, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. ती हल्ली काहीच म्हणत नसे.

तोडगा माणिककाकांनी काढला. माणिकराव म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, गावचे माजी उपसरपंच. पद जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज पदावरच राहिला होता.

"सोपं हाय," ते म्हणाले. "ग्राउंड पंचायतीचं. नुस्त्या शूटिंगला द्यायची पद्धत न्हाई, स्पर्धा लागती. स्पर्धा म्हणलं की कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ लागती, त्येच्याबिगर ती उघडी दिसती. आन् वर्षाच्या आत आनंदाचं काही करायचं नसतं, पर गेलेल्याच्याच स्मृतिप्रीत्यर्थ आसल तर चालतंय. मग? जुळलं की न्हाई सगळं? कैलासवासी दत्तराव अण्णा स्मृतिप्रीत्यर्थ भव्य ट्रॅक्टर रिव्हर्स स्पर्धा!"

"नको, काका. अण्णांना आवडलं नसतं."

"दादाला काय आवडायचं ते मला सांगू नको, पोरी. सख्खा भाऊ हाय मी. आन् आता त्येंच्या आवडीचा प्रश्न ऱ्हायला कुठं?"

तिने फोनवर सृष्टीला विचारलं. सृष्टी म्हणाली, "मॅडम, स्पर्धा आसल तर लयच भारी. माझी एन्ट्री तेवढी पहिली लिहा." यावर वडिलांच्या शांततेची बाजू कशी मांडायची हे अर्पिताला सुचेना. तिने एकच अट घातली: अण्णांचा ट्रॅक्टर सृष्टी चालवणार आणि त्याचा शॉट सगळ्यात आधी, सकाळच्या उन्हात होणार. माणिककाका म्हणाले, "शब्द." गावाकडे शब्द फार स्वस्त झाला आहे, हे तिने ध्यानात घ्यायला हवं होतं.

स्पर्धेच्या दिवशी तिने ग्राउंडवर पाऊल ठेवलं आणि समोर अण्णा दिसले. दोन माणसांइतके उंच. गुलाबी फेटा, निळा कोट, गळ्यात टाय. जन्मभर पांढरी टोपी आणि धुवट सदरा घातलेला माणूस. चेहरा मतदार ओळखपत्रावरचा होता, म्हणजे फोटोग्राफरवर संतापलेला. आणि खांद्याशी एक लालभडक, जमिनीला चिकटलेली परदेशी रेसची गाडी, जी झरीच्या पहिल्या गतिरोधकावर जन्माची अडकून बसली असती.

फ्लेक्स योगीराजने बनवला होता. तो शेजारीच उभा राहून कौतुकाची वाट बघत होता.

"ताई, कोट कसा बसलाय? फेटा मी एका नवरदेवाचा काढलाय. लय दिवस सांभाळून ठिवला होता."

"ह्यांनी आयुष्यात कधी फेटा बांधला नाही, योगीराज."

"म्हणून तर म्हणलं, आता तरी."

ती फ्लेक्सकडे पाठ करून उभी राहिली. पाठ केली की समोर व्यासपीठ येत होतं, आणि त्यावर प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती. आप्पाराव, कुठल्याशा कारखान्याचे माजी संचालक, सकाळी येणार होते. त्यांच्याशिवाय उद्घाटन नाही, उद्घाटनाशिवाय स्पर्धा नाही. सकाळचं कोवळं ऊन, ज्यासाठी तिने आठवडाभर आकाश बघितलं होतं, ते खुर्चीवर पडलं, पिवळं झालं, पांढरं झालं आणि निघून गेलं. अण्णांचा ट्रॅक्टर दुसऱ्या एका ट्रॅक्टरने ओढून चालू केला होता, आणि माणिककाकांनी येताना त्याच्या ट्रॉलीतून मंडपाच्या खुर्च्या आणवल्या होत्या. तेवढंच त्याला काम.

आप्पाराव आले ते भर दुपारी. मग सत्कार सुरू झाले. आप्पारावांचा सत्कार माणिकरावांच्या हस्ते, माणिकरावांचा आप्पारावांच्या हस्ते, नंतर ज्यांनी हार आणले त्यांचा, आणि शेवटी सत्कारांची यादी वाचणाऱ्या माऊलीचा सत्कार, जो त्याने स्वतःच पुकारला. माऊली म्हणजे पंचक्रोशीतला निवेदक. लग्न, जत्रा, शोकसभा, सगळं तो एकाच आवाजात करतो. प्रीतमचा कॅमेरा माणिककाकांनी व्यासपीठासमोर उभा करवला होता. "हलवायचा न्हाई. सगळे सत्कार आले पायजेत."

"काका, आम्ही मोटरस्पोर्ट घ्यायला आलोय," प्रीतम म्हणाला.

"घे की. आधी माणसं घे."

तेवढ्यात कुणीतरी कडुनिंबाचं रोप आणून दिलं. दिनकररावांनी मुद्दाम फोन करून आठवण करून दिली होती. आप्पाराव रोप घेऊन खाली उतरले आणि म्हणाले, "कॅमेरा येईल आसं लावू." कॅमेऱ्यात नीट येणारी एकच मोकळी जागा होती: फक्कीच्या दोन रेघांच्या बरोबर मधली. कुदळ आली, खड्डा झाला, पाणी घातलं, टाळ्या पडल्या. आप्पाराव गाडीत बसून जेवायला गेले आणि पाठीमागे स्पर्धेच्या मार्गात एक झाड उरलं.

ते उपटायला कुणी धजेना. पाहुण्यांच्या हातचं झाड. शेवटी पंचांनी रेघाच पुसल्या आणि झाडाला वळसा घालून नव्या आखल्या. ट्रॅक्टरवाले शिव्या द्यायला लागले. एकजण म्हणाला, "आरं, रिव्हर्स म्हणली होती, प्रदक्षिणा न्हाई." तरी एकेक ट्रॅक्टर उतरले, वळशाला अडकले, रेघा खाऊन बाहेर आले.

"सृष्टीचा नंबर कधी आहे?" अर्पिताने माणिककाकांना विचारलं.

"कशावर?"

"अण्णांच्या ट्रॅक्टरवर. ठरलंय ना आपलं."

माणिककाकांनी तिच्याकडे जरा कीव येऊन बघितलं आणि हात केला. व्यासपीठाच्या बाजूला अण्णांचा ट्रॅक्टर उभा होता. बॉनेटला झेंडूची माळ, चाकांना कुंकू, पुढे फोडलेला नारळ, आणि दिव्यांच्या मधोमध सुतळीने बांधलेला अण्णांचा फोटो. बायका येऊन नमस्कार करून जात होत्या.

"तो मानाचा ट्रॅक्टर हाय, बाई. मानाचा ट्रॅक्टर पळवत नसत्यात. तो उभा ऱ्हातो."

"मग मुलगी कशावर बसणार? तिच्यासाठीच हे सगळं काढलं ना?"

"बघू दुसरा भेटला तर. न्हाईतर तिचा सत्कार करू."

सृष्टी पलीकडेच उभी होती. तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली होती, सकाळपासून. सत्काराचं ऐकून तिचं तोंड एवढंसं झालं.

आता अर्पिता शांत स्वभावाची आहे. अण्णा गेले तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती. आलेल्यांना चहा दिला, गेलेल्यांना दारापर्यंत सोडलं. पण "तो उभा ऱ्हातो" हे तिला गिळता येईना. अण्णा आयुष्यभर जी दोन-चार वाक्यं बोलले त्यातलं एक होतं, उभी गाडी सडती. शेतात काम नसलं तरी ते आठवड्याला ट्रॅक्टर शिवारातून फिरवून आणायचे. त्यांच्या नावाने, त्यांचाच ट्रॅक्टर, नारळ फोडून सडायला ठेवला होता, आणि वर फेटा.

ती चालत गेली, पाय ठेवला आणि चढून सीटवर बसली. शालीवर.

"आन् आता," माऊलीचा आवाज भोंग्यातून आला, "मानाच्या ट्रॅक्टरवर अण्णांच्या सुकन्या दर्शनासाठी बसलेल्या हायेत... भावनिक क्षण हाय मंडळी... ताई दर्शन घ्यायल्यात... ताई... न्हाई न्हाई, ताई चालू करायल्यात!"

तिने शेवटचा ट्रॅक्टर चालवला होता लग्नाआधी, अण्णा शेजारी मडगार्डवर बसलेले असताना. तरी पाय बरोबर पडले. गिअर पडला. गर्दी फाटली. ट्रॉली मागे सरकली, रेघांच्या मध्ये शिरली आणि सरळ, अगदी सरळ जाऊ लागली. तेवढा वेळ तिच्या मनात राग नव्हता की काहीच नव्हतं.

मग झाड आलं.

ट्रॉली उजवीकडे न्यायला हवी होती. तिने एखाद्या सुशिक्षित माणसासारखं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. ट्रॉली डावीकडे निघाली, तिरकी झाली, रेघ ओलांडली, आणि तिच्या कोपऱ्याने फ्लेक्सच्या बांबूला हलकासा धक्का दिला. बांबू क्षणभर विचारात पडला. मग गुलाबी फेटा, निळा कोट, टाय आणि रेसची गाडी हळूहळू, मोठ्या अदबीने व्यासपीठावर आडवी झाली. माणिककाका खाली गेले. जेवून नुकतेच परतलेले आप्पाराव खाली गेले. कडुनिंबाला मात्र ओरखडाही आला नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने कडूबाईचा आवाज आला. "उतरला का फेटा? बरं झालं. डोक्याला भार सोसत नव्हता त्यांच्या."

माणिककाका फ्लेक्सखालून निघाले ते थेट माइककडे गेले. "गावाची इज्जत घालवली! मानाच्या ट्रॅक्टरनं प्रमुख पाहुण्याला लोळवायचं? हा कसला मानाचा? मी जाहीर करतो, हा ट्रॅक्टर आता मानाचा ऱ्हायला न्हाई!"

"मग काका," सृष्टीने खालून विचारलं, "आता स्पर्धेत उतरवता येतो ना?"

माणिककाकांनी पंचांकडे बघितलं. पंचांनी डोकी एकत्र आणली. बराच खल झाला. मानाचा होता म्हणून उभा होता. मानाचा नाही म्हणजे चारचौघांसारखा. चारचौघांसारखा म्हणजे त्याला एन्ट्री मोकळी. रामहरीकाकाही पंचांत होते. त्यांनी मान हलवली. "नेमात बसतंय."

सृष्टीने बॉनेटवरची माळ काढली. सुतळी सोडून फोटो कडूबाईच्या मांडीवर आणून दिला. अर्पिता खाली उतरली. उतरल्या उतरल्या ती प्रीतमवर खेकसली, "कॅमेरा कुठे आहे? घे ना!"

"मॅडम, कार्ड भरलंय. सत्कारानं."

"मग उडव."

"कुणाचा उडवू?"

"सगळे."

आयुष्यात इतका स्वच्छ आनंद देणारा शब्द तिने फार क्वचित उच्चारला असेल.

ऊन कलायला लागलं होतं. सकाळचं नव्हे, पण सोनेरीच. सृष्टी सीटवर बसली, मान वळवून मागे बघितलं आणि निघाली. कॅमेऱ्यासमोर गावची टोपी, पदर, उचललेलं लेकरू, फुगेवाला, सगळं होतं. अर्पिताला एकही माणूस नको होता. तिथे तीन गावची माणसं होती. डोक्यांच्या वर फक्त ट्रॅक्टरचं धुराडं दिसत होतं. ते मागे गेलं, सरळ गेलं, झाडापाशी आलं, एखाद्या जाणत्या माणसाने वाट द्यावी तसं जरासं बाजूला झालं आणि पुन्हा सरळ मागे गेलं. अगदी शेवटी एका चाकाने फक्की खाल्ली. माऊली एवढ्या जोरात ओरडला की भोंगा बंद पडला.

सृष्टीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. एक पेला, आणि पहिल्या बक्षिसाला ठेवलेल्या विहिरीच्या मोटरच्या स्टार्टरशेजारी उभं राहून काढलेला फोटो. "पुढची स्पर्धा कुठं हाय, काका?" तिने पंचांना विचारलं. वालूरला आहे, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने ती तारीख तिथल्या तिथे हातावर पेनने लिहून घेतली.

दस्तुराप्रमाणे ट्रॅक्टरच्या मालकालाही शाल द्यायची असते. माणिककाकांचा राग उतरला नव्हता, पण शाल हातात आली की त्यांचे हात आपोआप वर जातात. माऊलीने भोंग्याची वायर जुळवून पुकारलं, "मालकीण, गंगाभागीरथी कडूबाई दत्तराव!"

आई व्यासपीठावर कधी चढली नव्हती. ती चढली. माणिककाकांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली. तिने ती खांद्यावर ठेवलीच नाही; उतरवली, चौघडी केली आणि पायऱ्या उतरून ट्रॅक्टरकडे निघाली. फोटो अर्पिताच्या हातात दिला. मडगार्डला धरून पाय वर ठेवला, सीटवरची जुनी, उन्हाने विरलेली शाल उचलून झटकली, काखेत धरली, आणि नवीन शाल सीटवर अंथरून तिची टोकं खाली नीट खोचली, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"वहिनी," माणिककाका माइकवरच म्हणाले, "ती अंगावर घ्यायची आसती."

"माझं अंग कुठं तापायलंय, भाऊजी," कडूबाई म्हणाली. "सीट तापतं."